वैद्यकीय विशेषशाखांच्या जर्नलांच्या संपादकांनी एकमेकांशी किती बोलावे?

दृष्टिपटल

नमस्कार. नेत्रविकारांच्या एका जर्नलची सहसंपादक म्हणून मी गेली सहा वर्षे काम करते आहे. गेल्या पंधरवड्यात असा एक प्रसंग आला आहे, की त्याबाबत येथील जाणकारांचे मत घेतल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये असे मला वाटते.

मधुमेहींच्या दृष्टिपटलात होणाऱ्या बदलांविषयीचा एक शोधनिबंध आमच्याकडे आला. रुग्ण ११२, पाठपुरावा दोन वर्षांचा, मांडणी नीटनेटकी. मी तो दोन समीक्षकांकडे पाठवला. त्यांपैकी एकाने समीक्षेऐवजी मला एक गोपनीय टिपण धाडले. त्याच आठवड्यात त्याच्याकडे अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांवरील दुसऱ्या एका जर्नलकडूनही एक निबंध समीक्षेसाठी आला होता. लेखक तेच, रुग्ण ११२, सरासरी वय दोन्हीकडे ५४.३ आणि पाठपुराव्यातून गळालेले रुग्ण दोन्हीकडे ९. तिकडचा विषय मूत्रपिंडाचा आणि आमचा डोळ्यांचा. एकाही निबंधात दुसऱ्याचा उल्लेख नाही. टिपणाच्या शेवटी त्याने लिहिले होते, "पहिल्या तक्त्यातल्या उपचारगटांची बेरीज करून पाहा." मी ती केली. चार ओळींची बेरीज १११ येते. तिकडच्या तक्त्यातही ती १११ येते, असे त्याचे म्हणणे आहे.

आमच्या मुख्य संपादकांच्या मते, आलेला निबंध ही लेखकाने विश्वासाने सोपवलेली ठेव आहे आणि तिच्याविषयी बाहेर अवाक्षरही काढायचे नाही. हे मला पटते. परंतु दोन्ही संपादकांनी तोंड मिटून बसायचे ठरवले, तर तेच रुग्ण दोन शाखांच्या वाङ्मयात दोन स्वतंत्र अभ्यास म्हणून नोंदले जातील आणि काही वर्षांनी कोणीतरी त्यांची बेरीज २२४ अशी करील. मी त्या दुसऱ्या संपादकांना लिहावे का? आणि एकूणच, वेगवेगळ्या शाखांच्या संपादकांनी एकमेकांना किती धरून राहावे, असे आपल्याला वाटते?

पांढरे समास

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर मला त्यातूनच मिळते. संपादकांचे हे एकत्र येणे मुळात किती साध्या कारणासाठी झाले, ते आज पुष्कळांना ठाऊक नसते. १९७८ साली सर्वसाधारण वैद्यकाच्या काही जर्नलांचे संपादक कॅनडातील व्हँकुव्हर येथे अनौपचारिकपणे भेटले. निबंध कोणत्या स्वरूपात पाठवायचा, संदर्भ कसे लिहायचे, याबाबत प्रत्येक जर्नलचे नियम निराळे होते. निबंध एका ठिकाणाहून साभार परत आला की दुसरीकडे पाठवण्यासाठी तो टंकलेखन यंत्रावर पुन्हा पहिल्यापासून बडवावा लागे. लेखकांचा हा त्रास वाचवण्यासाठी त्यांनी सामायिक नियमावली तयार केली आणि ती १९७९ साली प्रसिद्ध झाली. याच गटातून पुढे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली. आजही संदर्भांच्या त्या पद्धतीला आपण व्हँकुव्हर पद्धत म्हणतो.

संदर्भातला स्वल्पविराम कुठे द्यायचा हे ठरवायला जमलेली माणसे १९८५ पर्यंत लेखक कोणाला म्हणावे या प्रश्नाला भिडली होती. त्या निकषांत २०१३ साली चौथा निकष आला: निबंधाच्या सर्व अंगांबाबत उत्तरदायी राहण्याची तयारी. एकदा माणसे एका टेबलाशी बसली की पुढचे विषय आपोआप निघतात, हा माझा अनुभव आहे. म्हणून माझे उत्तर असे, की बोलावे, आणि गरज पडण्याच्या आधीपासूनच बोलत असावे.

भूलशास्त्र

पांढरे समास यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्या शाखेने न बोलण्याची जबर किंमत मोजली आहे. योशिताका फुजी हे जपानी भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळ-उलटीवरील औषधांवर वर्षानुवर्षे निबंध लिहीत होते. २००० साली पीटर क्रांके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अनेस्थेशिया अँड अ‍ॅनाल्जेसिया' या जर्नलला एक छोटे पत्र लिहिले. या निबंधांतली आकडेवारी विश्वास बसू नये इतकी गोंडस आहे, डोकेदुखीसारख्या दुष्परिणामाचे प्रमाणसुद्धा निबंधामागून निबंधात सर्व गटांत अगदी सारखे येते, असे त्यांनी दाखवून दिले. पत्र छापले गेले, लेखकाचे उत्तर छापले गेले आणि विषय तिथेच मिटला. त्यानंतरही फुजी यांचे निबंध वेगवेगळ्या जर्नलांत छापून येत राहिले. भूलशास्त्राबाहेरच्या जर्नलांतही ते गेले, आणि तिथल्या संपादकांना ते पत्र वाचण्याचे काही कारणच नव्हते.

बारा वर्षांनी, २०१२ साली, जॉन कार्लाइल यांनी फुजी यांच्या १६८ चाचण्यांतील आकड्यांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण केले. रुग्णांची वये, वजने यांची विभागणी निव्वळ योगायोगाने अशी पडणे जवळपास अशक्य होते. त्याच सुमारास २३ जर्नलांच्या मुख्य संपादकांनी एक संयुक्त पत्र काढले आणि ज्या संस्थांत ही कामे झाल्याचे सांगितले गेले होते त्यांना चौकशी करायला सांगितले. जपानच्या भूलशास्त्र संघटनेने २१२ निबंध तपासले आणि त्यांपैकी १७२ बनावट असल्याचा निष्कर्ष काढला.

दृष्टिपटल यांना मी एवढेच सांगेन, की त्या २३ जणांपैकी एकट्याने पत्र लिहिले असते तर संस्थेने पोच देऊन ते फाइलीत ठेवले असते. प्रत्येक जर्नलकडे एकूण निबंधांचा एक भागच होता आणि तेवढ्यात ठोस असे काही दिसत नव्हते. सगळे एका ठिकाणी मांडले तेव्हाच ते दिसले.

मौनव्रत

मला येथे ठामपणे विरुद्ध मत नोंदवायचे आहे. भूलशास्त्र यांनी दिलेले उदाहरण छापून आलेल्या निबंधांचे आहे. छापलेले सार्वजनिक असते आणि त्यावर कोणीही कोणाशीही बोलू शकतो. दृष्टिपटल यांच्यापुढे अप्रकाशित निबंध आहे. या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

शिवाय त्या समीक्षकाने एका जर्नलकडून विश्वासाने आलेल्या निबंधातील आकडे दुसऱ्या जर्नलच्या संपादकाला कळवले, तेव्हाच मर्यादा ओलांडली गेली, हे आपण सगळेच सोयीने विसरतो आहोत. हेतू चांगला होता, हे मान्य. परंतु मी स्वतः लेखक म्हणून एकदा या अनुभवातून गेलो आहे. माझ्या एका निबंधातील रुग्णसंख्येविषयी एका संपादकाला शंका आली. मला काही न विचारता त्याने ती ओळखीच्या दोन संपादकांच्या कानावर घातली. शंका निराधार निघाली, कारण मी पुरवणी तक्ता जोडला होता आणि तो उघडून पाहिलाच गेला नव्हता. तोपर्यंत त्या दोन्ही जर्नलांत माझे नाव चर्चेत आले होते. त्यानंतरची दोन वर्षे माझ्या प्रत्येक निबंधाला इतरांपेक्षा जास्त स्पष्टीकरणे मागितली गेली. त्यामागचे कारण मला कोणीही सांगितले नाही आणि मला ते सिद्धही करता येणार नाही. संपादकांच्या सहकार्याची दुसरी बाजू ही अशी असते.

सुईदोरा

मौनव्रत, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटले. तुम्हाला आधी विचारायलाच हवे होते.

संख्यामित्र

दृष्टिपटल यांनी '२२४' असा जो आकडा लिहिला आहे, तो या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे असे मी मानतो. त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

मार्टिन ट्रामेर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली ऑन्डॅन्सेट्रॉन या औषधाच्या चाचण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे औषधही शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांसाठीच वापरले जाते, हा योगायोग. त्यांना असे आढळले, की छापून आलेल्या निबंधांपैकी १७ टक्के, आणि रुग्णांच्या माहितीपैकी २८ टक्के, पुन्हा छापलेली होती आणि तसे कुठेही उघड केलेले नव्हते. लेखकांची नावे बदललेली, रुग्णसंख्या थोडी इकडेतिकडे, त्यामुळे वरवर पाहता ते निबंध वेगळेच वाटत. ही पुनरुक्ती न ओळखता सगळ्यांचे एकत्रित विश्लेषण केले, तर औषधाची परिणामकारकता २३ टक्क्यांनी फुगून दिसत होती. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ज्या चाचण्यांत औषधाचा गुण जास्त दिसला, त्याच पुन्हा छापल्या जाण्याची शक्यता अधिक होती. म्हणजे चुकीने मोजले गेलेले रुग्ण हे बहुतांशी औषध लागू पडलेले रुग्ण होते.

हे आकडे पुढे उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत जातात आणि तिथून थेट वॉर्डात. गोपनीयता लेखकाच्या हक्काची आहे, हे खरे. परंतु ज्या ११२ माणसांनी दोन वर्षे तपासण्यांसाठी हेलपाटे घातले, त्यांना एकदाच मोजले जाण्याचा हक्क आहे की नाही?

पांढरे समास

संख्यामित्र यांचा शेवटचा प्रश्न मी माझ्या संपादक मंडळाच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे.

फुप्फुसे

आतापर्यंतची सगळी चर्चा गैरप्रकारांवर केंद्रित झाली आहे. माझ्या मते विशेषशाखांच्या संपादकांचे खरे सहकार्य त्याच्या कितीतरी अलीकडे, म्हणजे निबंध लिहिला जाण्यापूर्वीच सुरू व्हायला हवे, आणि काही शाखांत ते झालेही आहे.

२०१९ साली श्वसनविकार, निद्राविकार आणि अतिदक्षता या तीन क्षेत्रांतील ३५ जर्नलांच्या ४७ संपादकांनी मिळून लेखकांसाठी एक मार्गदर्शन प्रसिद्ध केले. विषय असा, की केवळ निरीक्षणातून मिळालेल्या माहितीवरून 'अमुकामुळे तमुक झाले' असे म्हणायचे असेल, तर दिशाभूल करणाऱ्या इतर घटकांचा हिशेब कसा ठेवावा आणि निष्कर्ष कसे मांडावेत. यापूर्वी आमच्याकडे असे व्हायचे, की एका जर्नलच्या संख्याशास्त्रज्ञाने सुचवलेली दुरुस्ती लेखक मान्य करत नसत आणि निबंध उचलून शेजारच्या जर्नलकडे नेत. तिथे तो जसाच्या तसा छापला जाई. पस्तीस जर्नलांनी एकच भाषा बोलायला सुरुवात केल्यावर समीक्षक म्हणून माझे काम पुष्कळ सोपे झाले. आता मी लेखकाला त्या मार्गदर्शनातील नेमका भाग वाचायला सांगतो आणि वाद व्यक्तिगत होत नाही.

पुनर्वसनशास्त्रातील दोन डझनांहून अधिक जर्नलांनी २०१४ साली ठरवले, की निबंधलेखनाची प्रस्थापित मानके पाळणे सर्वांनी मिळून बंधनकारक करायचे. एकट्या जर्नलने हे केले असते तर लेखक दुसरीकडे गेले असते, ही भीती सगळ्यांनाच होती. म्हणून सगळ्यांनी एकदमच उडी घेतली.

प्रसूतिका

फुप्फुसे यांच्या यादीत मी आमच्या शाखेची भर घालते, कारण ती माझ्या जिव्हाळ्याची आहे. मुदतपूर्व प्रसूती टाळण्याच्या उपायांवरील चाचण्या मी काही वर्षांपूर्वी एका आढाव्यासाठी वाचत होते. एका चाचणीत ३७ आठवड्यांपूर्वीची प्रसूती मोजली होती, दुसरीत ३४ आठवड्यांपूर्वीची, तिसरीत उपचार सुरू केल्यापासून प्रसूतीपर्यंत गेलेले दिवस. काहींमध्ये बाळाचे पुढे काय झाले याचा उल्लेखच नव्हता. आईसाठी आणि बाळासाठी सगळ्यांत महत्त्वाची ती गोष्ट कोणी मोजलीच नव्हती. मी तीन आठवडे वहीत रकाने आखत बसले आणि शेवटी निम्म्याहून अधिक चाचण्या एकत्र करता येत नाहीत असे लिहून आढावा संपवला.

स्त्रियांच्या आणि नवजात बालकांच्या आरोग्याच्या जर्नलांचे संपादक २०१४ साली 'क्राउन' या उपक्रमाखाली एकत्र आले, ते नेमके याच कारणासाठी. पन्नासहून अधिक जर्नले त्यात सामील झाली. प्रत्येक विकारासाठी किमान कोणती मोजमापे प्रत्येक चाचणीत असलीच पाहिजेत, हे संशोधक, डॉक्टर आणि रुग्ण यांनी मिळून ठरवावे आणि संपादकांनी निबंध स्वीकारताना त्याचा आग्रह धरावा, अशी ती कल्पना आहे. ही मोजमापे ठरवण्याच्या बैठकींत मुदतपूर्व बाळांचे आईवडीलही बसतात, याचे मला विशेष वाटते.

पहिला मसुदा

मी नुकतीच पीएच.डी. पूर्ण केलेली संशोधक आहे आणि येथे बहुधा सर्वांत कनिष्ठ. एका गोष्टीची मला मनापासून भीती वाटते, ती मांडते. सर्व संपादक एका सुरात बोलू लागले, तर लेखकाने दाद कोणाकडे मागायची? एका वेळी एकाच जर्नलकडे निबंध पाठवायचा, हा नियमही सगळ्यांनी मिळूनच केलेला आहे. माझा पहिला निबंध एका जर्नलमध्ये पाच महिने पडून होता, मग नाकारला गेला. दुसऱ्या जर्नलने चार महिने घेतले. तोपर्यंत दुसऱ्या गटाचा तशाच विषयावरील निबंध छापून आला होता. २०२४ साली अमेरिकेत मोठ्या वैज्ञानिक प्रकाशकांविरुद्ध स्पर्धाविरोधी वर्तनाचा जो दावा दाखल झाला, त्यातील आक्षेपांपैकी एक नेमका या नियमाविषयीचा होता.

सहकार्य करायचेच असेल, तर ते लेखकाचा वेळ वाचवण्यासाठीही व्हावे, एवढीच माझी विनंती आहे.

मज्जारज्जू

पहिला मसुदा, तुमची विनंती रास्त आहे आणि तसा प्रयत्न झालेला आहे. मज्जासंस्थेच्या अभ्यासाला वाहिलेल्या अनेक जर्नलांनी २००८ साली समीक्षा वाटून घेण्याचा एक संघ स्थापन केला. एका जर्नलने निबंध नाकारला आणि लेखकाची इच्छा असली, तर तेथील समीक्षा पुढच्या जर्नलकडे पाठवली जाई, म्हणजे नव्याने समीक्षक शोधण्यात महिने जात नसत. दुर्दैवाने फार थोड्या लेखकांनी त्याचा लाभ घेतला. नाकारल्या गेलेल्या निबंधाच्या समीक्षा बरोबर घेऊन नव्या दारात उभे राहायला माणूस कचरतो, हे मी समजू शकतो.

तरीही त्या व्यवस्थेतली एक गोष्ट मौनव्रत यांच्या मुद्द्याशी जुळते. माहिती एका संपादकाकडून दुसऱ्याकडे जाई, ती लेखकाने होकार दिल्यावरच.

भूलशास्त्र

सगळ्यांनी एका सुरात बोलण्याविषयी जी भीती व्यक्त झाली, तिच्याबद्दल एक उलट उदाहरण. सप्टेंबर २००४ मध्ये, पांढरे समास यांनी उल्लेखलेल्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सदस्य जर्नलांनी एकाच वेळी एकच संपादकीय छापले. १ जुलै २००५ पासून सुरू होणारी चाचणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सार्वजनिक नोंदवहीत नोंदलेली नसेल, तर तिचा निबंध आम्ही छापणार नाही, असे त्यात जाहीर केले होते. आधीच सुरू असलेल्या चाचण्यांना त्या वर्षीच्या १३ सप्टेंबरपर्यंत मुदत दिली. अमेरिकेच्या 'क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह' या नोंदवहीत मे २००५ मध्ये १३,१५३ चाचण्या होत्या. ऑक्टोबरपर्यंत त्या २२,७१४ झाल्या. नको असलेले निकाल दडपणाऱ्या प्रायोजकांना त्या आधी वर्षानुवर्षे नैतिक आवाहने करून झाली होती. हे दार सर्वांनी मिळून बंद केले म्हणूनच काम झाले. एकाने बंद केले असते, तर शेजारचे उघडे होतेच.

पहिला मसुदा

हे मला ठाऊक नव्हते. त्या संपादकीयामुळेच आम्हाला आज कोणत्या चाचण्या अर्धवट राहिल्या ते शोधता येते, हे मान्य करते.

दूरचे टोक

एक वेगळा मुद्दा. आतापर्यंत ज्या जर्नलांची नावे किंवा गट आले, ते बहुतेक मोठे आणि इंग्रजी भाषेतले आहेत. मी एका छोट्या, वर्षाला चार अंक काढणाऱ्या त्वचारोगांच्या जर्नलचा संपादक आहे. माझ्याकडे पगारी संख्याशास्त्रज्ञ नाही, वकील नाही. एका लेखकाने माझ्या जर्नलमधील एका निबंधातली छायाचित्रे आरसा धरल्यासारखी उलटवून दुसरीकडे छापली, तेव्हा कोणाला लिहायचे हेच मला सुचत नव्हते.

मला आधार मिळाला तो वैद्यकीय संपादकांच्या जागतिक संघटनेचा. १९९५ साली इटलीतील बेलाजिओ येथे १३ देशांतील २२ संपादकांच्या बैठकीतून ती उभी राहिली. समीक्षित वैद्यकीय जर्नलचा संपादक असणे, एवढ्यावर तिचे सदस्यत्व मिळते. तिथे मी माझा प्रश्न नावे न घेता मांडला आणि दोन दिवसांत सात संपादकांची उत्तरे आली. त्यांपैकी एकाने तर माझ्या पत्राचा मसुदा दुरुस्त करून दिला. सहकार्य म्हटले की मला ती सात उत्तरे आठवतात.

हिरवे पान

संपादकांच्या एकजुटीचा विषय निघाला आहे, तर सप्टेंबर २०२१ मधील संयुक्त संपादकीयाचाही उल्लेख व्हावा. जागतिक तापमानवाढ रोखण्यासाठी तातडीने पावले उचलावीत, असे २०० हून अधिक आरोग्यविषयक जर्नलांनी एकाच वेळी लिहिले होते. त्यात परिचर्येपासून दंतवैद्यकापर्यंत अनेक शाखा होत्या.

मौनव्रत

हिरवे पान, तो लेख मी वाचला आहे आणि त्यातील आशयाशी सहमत आहे. तरीही चाचण्यांची नोंदणी हा जसा संपादकाच्या अधिकारातला विषय आहे, तसा हवामानबदल आहे का, याविषयी मी साशंक आहे. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, त्यामुळे येथे थांबतो.

संख्यामित्र

फुप्फुसे यांनी ज्या सामायिक मानकांविषयी लिहिले, त्यांबाबत एक काळजी व्यक्त करतो. यादृच्छिक चाचण्यांचे, म्हणजे कोणता रुग्ण कोणत्या उपचारगटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवणाऱ्या चाचण्यांचे, निबंध कसे लिहावेत यासाठीचे कॉन्सॉर्ट हे मानक १९९६ सालापासून आहे आणि शेकडो जर्नले त्याचा पुरस्कार करतात. लेखकाने चेकलिस्ट भरून जोडायची असते आणि कोणता मुद्दा कितव्या पानावर आहे ते लिहायचे असते. गेल्या महिन्यात माझ्याकडे आलेल्या निबंधात, रुग्ण कोणत्या गटात जाणार हे आधी लपवून कसे ठेवले, या मुद्द्यापुढे 'पान ६' असे लिहिले होते. पान ६ वर फक्त रुग्णांची संख्या होती. गटांच्या चिठ्ठ्या ठेवलेली पाकिटे बंद होती का, पारदर्शक होती का, ती कोणाच्या ताब्यात होती, याबद्दल एक शब्दही नव्हता. असा निबंध संपादकीय कार्यालयाच्या पहिल्या चाळणीतून पार झाला, कारण चेकलिस्टचे सगळे रकाने भरलेले होते.

पस्तीस जर्नलांनी मिळून नियम करणे चांगले आहे. त्या पस्तीसांतील किती ठिकाणी कोणी पान ६ उघडून पाहते, हा प्रश्न संपादकांनी एकमेकांना विचारायला हवा.

फुप्फुसे

संख्यामित्र, मान्य. आमच्याकडे आता सहसंपादक समीक्षेला पाठवण्यापूर्वी चेकलिस्टमधील कोणतेही तीन मुद्दे निवडून ती पाने स्वतः पाहतात. त्यात वीस मिनिटे जातात. सर्व मुद्दे तपासण्याइतके हात आमच्याकडे नाहीत.

मुद्रितशोधक

आता मूळ प्रश्नाकडे. दृष्टिपटल, १९९७ साली काही वैद्यकीय संपादकांनी स्थापन केलेली प्रकाशन-नीतीविषयीची समिती, म्हणजे 'कोप', हिचे अशा प्रसंगांसाठी आखलेले मार्ग आहेत. आलेल्या निबंधात पुनरुक्तीची शंका आली, तर पहिली पायरी दुसऱ्या संपादकाला लिहिण्याची नसते. समीक्षकाचे आभार मानायचे, साम्य कितपत आहे ते तपासायचे आणि पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला लेखी विचारायचे. आरोपाची भाषा वापरायची नाही. उत्तर समाधानकारक नसेल किंवा येतच नसेल, तर पुढे त्याच्या संस्थेला लिहायचे. मुख्य संपादकांनी एकमेकांना माहिती देण्याची वेळ आलीच, तर ती वस्तुस्थितीपुरती असावी, ज्यांना कळणे आवश्यक आहे त्यांच्यापुरतीच असावी आणि त्यात मतप्रदर्शन नसावे.

समीक्षकाने दोन्ही संपादकांना स्वतंत्रपणे कळवायला हवे होते, असे मला वाटते. एका निबंधातील आकडे दुसऱ्याला सांगण्याऐवजी 'लेखकांना त्यांच्या संबंधित निबंधांची प्रत मागा' एवढेच लिहिले असते, तरी काम झाले असते.

मौनव्रत

मुद्रितशोधक यांनी सांगितलेला क्रम मला पूर्णपणे मान्य आहे. माझ्या बाबतीत ती पहिली पायरीच गाळली गेली होती.

दृष्टिपटल

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला महिना लागला, कारण या काळात मी मुद्रितशोधक यांनी सांगितल्याप्रमाणेच गेले आणि काही घडेपर्यंत लिहू नये असे ठरवले होते.

लेखकांना मी एक छोटे पत्र पाठवले. याच रुग्णांवर आधारलेला दुसरा कोणता निबंध प्रसिद्ध झालेला, स्वीकारलेला किंवा विचाराधीन आहे का, असल्यास त्याची प्रत पाठवावी, आणि पहिल्या तक्त्यातील बेरीज एकदा तपासावी, एवढेच लिहिले. समीक्षकाचा उल्लेख केला नाही. चौथ्या दिवशी ज्येष्ठ लेखिकेचे उत्तर आले, आणि सोबत मूत्रपिंडावरील तो निबंध. दोन शाखा वेगळ्या, वाचक वेगळे, त्यामुळे उल्लेखाची गरज नाही असे त्यांच्या गटातील कनिष्ठांना वाटले होते आणि आपण अंतिम मसुदा त्या दृष्टीने वाचला नाही, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. मला त्या उत्तरात लपवाछपवी दिसली नाही. दोन्ही संपादकांनी एकमेकांशी बोलावे, अशी लेखी संमती त्यांनी स्वतःहून दिली.

त्यानंतर मी त्या दुसऱ्या जर्नलच्या संपादकांशी फोनवर बोलले. सहा वर्षांत दुसऱ्या शाखेच्या संपादकाशी मी प्रथमच बोलत होते. आम्ही असे ठरवले, की दोन्ही निबंध आपापल्या समीक्षेवर स्वतंत्रपणे तरतील किंवा नाकारले जातील, परंतु छापले गेले तर दोन्हींत एकच नोंदणी क्रमांक असेल, दुसऱ्या निबंधाचा स्पष्ट उल्लेख असेल आणि दोन्हींच्या पद्धती विभागात रुग्ण तेच असल्याचे पहिल्याच परिच्छेदात लिहिलेले असेल. त्यांच्या जर्नलच्या सूचनांत संबंधित निबंधांविषयीचा प्रश्न आधीपासूनच होता. आमच्या अर्जात तो नव्हता, आता घातला आहे.

संख्यामित्र

फार चांगले झाले. त्या बेरजेचे काय निघाले?

दृष्टिपटल

चार गट होते: फक्त आहारनियंत्रण, गोळ्या, इन्सुलिन, आणि गोळ्या व इन्सुलिन दोन्ही. एका रुग्णाने यांपैकी कोणतेही उपचार घ्यायला नकार दिला होता, तरीही तो दोन वर्षे प्रत्येक तपासणीला येत राहिला. चारही ओळींत तो कुठेच बसत नव्हता, म्हणून तक्ता करणाऱ्याने त्याला सोडून दिले आणि तोच तक्ता दोन्हीकडे गेला. सुधारलेल्या प्रती काल आल्या. दोन्हींत आता पाचवी ओळ आहे: उपचार घेतले नाहीत, १.